चैतूची पकड

१८ ऑगस्ट १९५८, चिंचबोडी

हेडमास्तर मोहितकरांनी आज खोलीत बोलावलं आणि भिंतीतला एक खिळा दाखवला. शाळा सुरू झाली तेव्हा तो ठोकला होता म्हणे, तेव्हापासून रिकामाच आहे. "गोतमारे, इथी ढाल पाह्यजे. कबड्डीची, जिल्ह्याची," असं म्हणाले. मी म्हटलं, आणू. दुसरं काय म्हणणार? नव्या मास्तराने पहिल्याच महिन्यात 'पाहू' म्हटलं की लोक त्याला जन्मभर पाहूनच घेतात.

दुपारी बिरजू चपराशी आणि मी शाळेमागच्या पडीत जागेवर मैदान आखलं. चुना नव्हता म्हणून राख वापरली. संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी बकऱ्या सगळ्या रेघांवरून फिरून गेल्या. उद्या पुन्हा आखायचं.

२० ऑगस्ट

भाताच्या रोवणीतून पोरं नुकतीच सुटली आहेत. दिवसभर चिखलात वाकून त्यांच्या कमरा ताठ व्हायचं विसरल्या आहेत. जोर मारा म्हटलं तर अर्धे जमिनीवर झोपूनच राहतात. नव्या नियमाप्रमाणे दमात 'कबड्डी' म्हणायचं, तर ही पोरं 'हुतूतू' सोडायला तयार नाहीत. 'हुतूतू'ला एक छडी असा भाव ठरवला. दोन दिवसांत सगळे शुद्ध बोलायला लागतील.

मी मारतो, हे इथे लिहून ठेवतो. प्रेमाने शिकवणारे मास्तर मी पाहिले आहेत. त्यांची पोरं मोठेपणी त्यांना वाकून नमस्कार करतात आणि मैदानावर पहिल्या चढाईत बाद होतात.

२३ ऑगस्ट

निवड झाली. आणि आज मला जे मिळालं त्याने झोप येत नाही.

कप्तान म्हणून नथ्थूच राहणार. पाटलाचा मुलगा, मानेने बैल, पकडीला उत्तम, डोक्याने बेताचा. बाकीचे पाच-सहा बरे. सगळं आटोपत आलं तेव्हा पलीकडे बाभळीखाली एक काळा, लांब हाताचा पोरगा उभा दिसला. बराच वेळ उभा असावा.

"काय रे, खेळायचं आहे?"

"खेळू द्यान का जी?"

"कोणाचा तू?"

"लटारू धीवराचा. चैतू. आठवीत हाओ जी."

"आठवीच्या वर्गात तर मी तुला पाहिला नाही."

"मी वऱ्हांड्यात बसतो जी."

वर्गात कोंदट होतं, हे या पोराला कळलं हे विशेष. मोकळ्या हवेत बसल्याने छाती चांगली भरली आहे. म्हटलं, ये, चढाई कर.

तो मधली रेघ ओलांडून आत गेला मात्र, सातही जण वाघ शिरल्यासारखे पांगले! दोघे तर मागे सरकता सरकता शेवटच्या रेघेबाहेर गेले आणि बाद झाले. नथ्थूसारखा नथ्थू कोपऱ्यात अंग चोरून उभा. चैतू निवांत फिरला आणि परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. मग त्याला पकडीला उभा केला, तर चढाईला येणारा त्याच्या बाजूला फिरकेना. असा दरारा मी आमच्या अमरावतीलाही पाहिला नव्हता.

नथ्थू मागून येऊन कुजबुजला, "गुर्जी, याले नका घेऊ."

"काऊन? तुझ्यापेक्षा बरा खेळतो म्हणून?"

"तसं नाई जी. तो..." आणि मान खाली घातली.

हा मत्सर आहे. दोन छड्या दिल्या. चैतूला घेतला.

३० ऑगस्ट

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, रोज धावणं सुरू केलं. चैतूचा दम पाहून मीच थक्क होतो. बापाची जाळी तळाशी अडकली की हाच बुडी मारून सोडवतो म्हणे. बाप पाळीच्या त्या टोकाला झोपडी बांधून एकटाच राहतो. आई, गिरजा, गावात राहते आणि मासळी विकायला दूरच्या बाजारात जाते. इथला बाजार सोडून दूर का, ते विचारलं तर पोरगा पुढे पळत सुटला. नवराबायकोचं भांडण असेल. आपल्याला काय करायचं?

आज धावून झाल्यावर सगळ्यांना तेल लावून एकमेकांचे पाय चोळायला सांगितलं. जोड्या पडल्या, चैतू एकटा उरला. मग मीच बसलो आणि त्याच्या पोटऱ्या चांगल्या रगडून काढल्या. पोरगा एकदम रडायला लागला. हुंदके देऊन! पायात गोळा आला असणार. "खेळाडू रडत नाही," म्हणून पाठीत एक धपका घातला, तर तो रडता रडता हसला. बाकीची पोरं हातातलं तेल तसंच ठेवून आमच्याकडे टक लावून पाहत होती.

६ सप्टेंबर

मी ज्यांच्याकडे जेवतो त्या सुगंधाबाईंनी आजपासून मला पत्रावळीवर वाढायला सुरुवात केली. ताटं कल्हईला दिली आहेत म्हणाल्या. पाणीही वरून ओततात. या बाजूला पाहुण्याला असा मान देत असावेत. न्हाव्याला मात्र तीनदा निरोप धाडला तरी येत नाही. माणूस आळशी.

१६ सप्टेंबर

पोळा झाला, पोरांची सुस्ती गेली नाही. आज पकडीचा खास सराव ठेवला. म्हटलं, चैतू चढाई करील, त्याला जो धरील त्याला सुट्टी. कोणी हललं नाही. म्हटलं, जो धरणार नाही त्याला छडी. तर नथ्थूने मुकाट्याने हात पुढे केला. त्याच्यामागे दुसऱ्याने, तिसऱ्याने. सहाही जणांनी ओळीने मार खाल्ला, पण एकाने धरलं नाही!

चैतू मध्ये उभा होता. म्हणाला, "राहू द्या जी. ते नाई धरत."

"का धरत नाहीत? एवढा भितो कसा जो तो तुला?"

त्याने अंगठ्याने माती उकरली. मग हळूच म्हणाला, "तुमी धरा ना जी."

मी धोतर खोचलं आणि कंबरेतून आवळला. सुटायची काही धडपड नाही. डोळे मिटून उभा राहिला, जसा काही झोपला. मी त्याला ढकलून दिला आणि दोन शिव्या हासडल्या. पकडीत असं ढिलं पडणारा खेळाडू कामाचा नाही. याला धरणारा कोणी भेटला तर काय होईल, अशी शंका एकदा मनात आली. पण धरणारा भेटेल तेव्हा ना!

२८ सप्टेंबर

हरलो. तेही आंबेतुकूमच्या पोरांकडून, ज्यांच्या शाळेला धड छप्पर नाही.

सरावाचा सामना म्हणून बैलगाडीतून गेलो होतो. बाकीच्यांनी गाडीत एवढी दाटी करून घेतली की चैतूला चालत यावं लागलं. पहिलीच चढाई त्याला दिली. तो ऐटीत आत शिरला, आणि त्यांच्या एका आडव्या पोराने सरळ पाय धरला. दुसऱ्याने कंबर, तिसरा पाठीवर. सगळे सात त्याच्यावर पडले. मी ओरडतो आहे, दम सोडू नकोस, रेघेकडे हात लांब कर, आणि ढिगाखालून आवाज कसला येतो, तर हसण्याचा! खदाखदा हसत होता. दम गेला, बाद. पुढची चढाई, तेच. मुद्दाम गेल्यासारखा त्यांच्या घोळक्यात जायचा, पडायचा, आणि मातीने भरलेलं तोंड घेऊन हसत उठायचा. त्यांच्या कप्तानाने त्याला हात देऊन उठवलं तर तो हात हा सोडेचना.

सामना संपल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर थोबाडात दिल्या. हरताना हसणारा माणूस मला नको. तोंडातून रक्त आलं तरी त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुरतं गेलं नव्हतं, म्हणून आणखी दोन दिल्या.

तेव्हा नथ्थू म्हणाला, "त्याचा काय कसूर जी? त्या पोट्ट्याइले माईतच नोतं."

"काय माहीत नव्हतं?"

नथ्थू माझ्याकडे पाहतच राहिला. "याच्या बापाले महारोग हाये, गुर्जी. बोटं झडली त्याची. म्हणून पाळीवर ठेवला ना त्याले. तुमाले माईत नाई?"

२९ सप्टेंबर

सकाळपासून कितीदा अंघोळ केली. कार्बोलिकच्या साबणाने हातांची सालं निघाली. डाव्या दंडावर एक फिकट डाग आहे. तो पूर्वीपासून होता की नव्हता, आठवत नाही. टाचणी टोचली, दुखलं. थोड्या वेळाने पुन्हा टोचली, तेव्हा कमी दुखल्यासारखं वाटलं.

मी या हातांनी त्याच्या पोटऱ्या चोळल्या. कंबरेतून आवळला. काल थोबाडात दिली तेव्हा रक्त बोटांना लागलं.

हेडमास्तरांना विचारलं, मला सांगितलं का नाही. ते म्हणतात, "आमाले वाटलं तुमी शिकलेले मानूस, हे मानत नसान. गावात तुमचं मोठं नाव झालं ना, का मास्तर कोनाले भेत नाई." म्हटलं, हो, मी नाहीच मानत. आणि घरी येऊन पुन्हा हात धुतले.

चैतू सरावाला आला होता. त्याला म्हटलं, मैदानाच्या बाहेरच थांब. त्याने ओळखलं. काही न विचारता बाभळीखाली जाऊन उभा राहिला.

४ ऑक्टोबर, चांदा

इथल्या दवाखान्यात आलो. चैतूला तपासायला आणलं असं सगळ्यांना सांगितलं, म्हणजे मला माझंही तपासून घेता येईल. मोटारीत मी पुढे बसलो, त्याला मागच्या फळीवर बसवलं. रस्ताभर तो बाहेर पाहत होता. मोटारीत पहिल्यांदाच बसला म्हणे.

डॉक्टर म्हातारे, चांगला माणूस. आधी चैतूला उघडा करून तपासला. कापूस फिरवला, गरम नळी, गार नळी, सुई. कानाची पाळी दाबून पाहिली. मग त्याला बाहेर बसवलं आणि माझं पाहिलं. माझा डाग म्हणजे लहानपणी भाजल्याची खूण आहे असं म्हणून हसले. मीही हसलो. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदा.

"और लड़का?"

"लड़का बिलकुल साफ है," डॉक्टर म्हणाले. "जाके गाँव में सबको बोलो. स्कूल में बच्चों के साथ बिठाओ, साथ खिलाओ. बाप को भी गोली चालू करो, भेज दो इधर. एक साल बाद लड़के को फिर दिखा देना, बस."

बाहेर आलो तर चैतू पायरीवर हातांची घडी घालून बसला होता. सदरा अजून हातातच होता.

"डाक्टर काय म्हनला जी?"

मी सांगणारच होतो. तोंड उघडलं होतं. आणि मला एकदम आंबेतुकूमचा ढीग आठवला.

याला जो तो धरू शकतो. हा काही मोठा खेळाडू नाही, नुसता दमाचा पोरगा आहे. साफ आहे हे कळलं की उद्या नथ्थूच याला एका हाताने आपटेल. मग ढाल कुठली?

म्हटलं, "अजून नक्की सांगता येत नाही म्हणाले. पुन्हा दाखवायचं आहे."

ही थाप नाही. पुन्हा दाखवायला त्यांनी सांगितलंच आहे.

५ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. पोरगा साफ आहे, म्हणजे त्याच्याकडून कोणाला काही होणार नाही. मग त्याला खेळवण्यात पाप कसलं? लोक भितात तो त्यांचा अडाणीपणा. त्यांच्या अडाणीपणाचा मी शाळेसाठी उपयोग करून घेतला तर बिघडलं काय? जिल्ह्याचे सामने नोव्हेंबरअखेर संपतील. दुसऱ्या दिवशी गावात दवंडी देऊन सांगेन. दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. एवढे दिवस काढले, आणखी दोन महिने काढील.

चैतूला पुन्हा संघात घेतला. नथ्थूला बाजूला घेऊन सांगितलं, की समोरच्या संघातल्या पोरांशी आधी गप्पा मारत जा आणि चैतूच्या बापाचं बोलता बोलता सांगून टाकत जा. नथ्थू डोक्याने बेताचा म्हणालो होतो, ते मागे घेतो. लगेच समजला. म्हणाला, "पन आमाले त्याच्या बाजूले उभं राहा लागन ना जी?"

"हातभर लांब राहा. तुम्हाला कोण धरायला सांगतो त्याला?"

१२ ऑक्टोबर

आंबेतुकूमला पुन्हा गेलो आणि धुळीला मिळवलं! नथ्थूने काम चोख केलं. ज्या आडव्या पोराने मागे पाय धरला होता, तो चैतूला पाहताच नुसता मागे मागे. चैतू आधी हसत हसतच गेला होता त्याच्याकडे. हात पुढे केला, ओळखीचा. तो पोरगा रेघेबाहेर पळाला आणि बाहेर जाऊन मातीने तळवे घासायला लागला.

गुण आपल्याला. पण चैतू परत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला रागच आला. जिंकल्यावर तोंड पाडतो आणि हरल्यावर हसतो, याचं काय करायचं?

२७ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी संपली. तालुक्याचे सगळे सामने जिंकले. हेडमास्तरांनी भिंतीला चुना लावून घेतला.

चैतूच्या दोन्ही हातांवर बारीक टोचल्याच्या जखमा आहेत, मनगटापासून कोपरापर्यंत. विचारलं तर म्हणाला, बाभळीचा काटा. "रोज टोचून पाह्यतो जी. डाक्टरनं सुई टोचली होती ना. दुखते का नाई ते पाह्यतो."

"मग? दुखतं?"

"दुखते जी," असं मोठ्या आशेने म्हणाला. "म्हंजे बरं हाये ना?"

म्हटलं, असल्या गोष्टी डॉक्टरांवर सोडाव्यात. आणि जखमा पिकल्या तर खेळणार कसा? काटा टोचायची सक्त मनाई केली. पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला सांगितला.

८ नोव्हेंबर

चैतूची आई आली होती. पायरीच्या खालीच उभी राहिली, वर ये म्हटलं तरी येईना. मासळीची रिकामी टोपली कंबरेला.

"मास्तरभाऊ, पोट्ट्याचं काय सांगतलं डाक्टरनं? तो घरात काही बोलत नाई. आपली ताटली, आपला लोटा वेगळा केला त्यानं. लहान बहिनीले जवळ येऊ देत नाई. ते रडते त्याच्यासाठी."

"अजून पक्कं नाही, बाई. पुन्हा दाखवायचं."

"कवा जी?"

"डिसेंबरात नेतो. मी स्वतः."

तिने टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याच्या बापाले मीनंच वेगळं काढलं जी, पोराइसाठी. आता याले बी काढू का? तुमी शिकलेले हा. तुमी सांगान तसं करतो."

बाईचे डोळे कोरडे होते, त्याचंच मला जास्त वाटलं. मी म्हटलं, वेगळं काढायची काही गरज नाही, फक्त थोडं सांभाळून असा, आणि सरावाला मात्र न चुकता पाठवा. मला वाटतं मी तिला धीरच दिला. जाताना तिने खाली वाकून पायरीला हात लावला.

दिवाळी तीन-चार दिवसांवर आहे. अमरावतीला जाणार नाही, सराव बुडेल.

२९ नोव्हेंबर, चांदा

उद्या अंतिम सामना. उपांत्य सामना आरामात खिशात. समोरच्या मास्तराने तक्रार केली की तुमचा तो पोरगा रोगी आहे. मी पंचांसमोर ठणकावून सांगितलं, डॉक्टरांनी तपासला आहे, अगदी साफ आहे, हवं तर चला दवाखान्यात! पंचांनी तक्रार फेटाळली. चैतू लांब होता, बादलीजवळ. त्याने ऐकलं नसावं.

पोरं धर्मशाळेत ओळीने झोपली आहेत. चैतू बाहेर ओट्यावर आहे. थंडी आहे, त्याला माझी घोंगडी दिली. तो म्हणाला, "नको जी, तुमाले पांघराची हाये." मी म्हटलं, घे रे. आणि खरं सांगतो, त्या वेळी मला त्याचा फार लोभ वाटला. उद्या ढाल घेतली की परवा सगळं सांगून टाकतो. किती आनंद होईल त्याला!

३० नोव्हेंबर

काय लिहू. राग अजून उतरलेला नाही.

समोर चांद्याचीच एक शाळा होती. शहरातली, बूटवाली, दूध पिणारी पोरं. नथ्थूने सकाळीच काम केलं होतं, त्यामुळे तीही चैतूपुढे पांगत होती. पण बाकीच्यांना त्यांनी असं लोळवलं की शेवटी गुण बरोबरीत आले. वेळ संपायला आलेला. आमचा एकटा चैतू जिवंत, बाकी सगळे मेलेले. त्यांच्याकडेही एकच उरलेला. अगदी लहानसर पोरगा, नाक वाहणारा, कुणाच्या जागी तरी घेतलेला. चढाई आपली.

मी चैतूला म्हटलं, "जा. नुसतं बोट लाव आणि ये."

तो गेला. 'कबड्डी, कबड्डी' असा त्याचा तो संथ, न तुटणारा दम. लहान पोरगा मागे मागे सरत कोपऱ्यात अडकला. मागे रेघ, बाजूला रेघ. रेघेबाहेर पाय टाकला असता तरी आपण जिंकलो असतो. पण तो जागीच खिळला. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडायला लागला, "मले नको शिवू, मले नको शिवू," म्हणून.

चैतूचा हात त्याच्या खांद्यापासून वीतभर होता. मी ओरडलो. हेडमास्तर ओरडले. सगळं मैदान ओरडत होतं. चैतूने हात मागे घेतला, पाठीमागे बांधला, आणि तसाच उभा राहिला. दम चालूच. परत फिरला असता तरी चाललं असतं, तेही नाही. मी आतापर्यंत एवढा लांब दम ऐकलेला नाही. हळूहळू आवाज बारीक होत गेला, मग नुसते ओठ हलले, मग तेही थांबले. पंचाने शिट्टी वाजवली. तो त्यांच्या मैदानात खाली बसला.

एका गुणाने गेली ढाल.

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, का? मारायला हात उचलला होता, पण मारला नाही. "एक बोट लावायचं होतं, हरामखोरा! का नाही लावलंस?"

"लहान होता जी तो," चैतू म्हणाला.

"मग?"

"डाक्टरनं अजून रोग नाई असं म्हनलं नाई ना जी. त्याले लागलं असतं तं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे कबूल. पण सांगितलं असतं तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता, की तुम्हाला कवापासून माहीत आहे जी. आणि ज्या पोराने तीन महिन्यांची मेहनत मातीत घातली, त्याला मी आजच्या दिवशी जाब का द्यायचा?

४ डिसेंबर

चैतू शाळेत येत नाही. वऱ्हांड्यात त्याची जागा आहे तिथे कुत्रं झोपतं. हेडमास्तर माझ्याशी कामापुरतं बोलतात. म्हणतात, पुढच्या वर्षी खो-खोचं पाहू.

बिरजू म्हणाला, "त्या पोट्ट्यानं आपलं बिऱ्हाड पाळीवर नेलं जी, बापापाशी. माय पाय धरत होती, ऐकलं नाई. म्हनला, बहिनीले लागन."

११ डिसेंबर

आज मन घट्ट करून पाळीवर गेलो. सांगूनच टाकायचं ठरवलं होतं. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली. कवापासून माहीत असं त्याने विचारलं तर डॉक्टरांचं कालच कळलं असं म्हणायचं, हेही ठरवलं.

झोपडीपुढे चैतू जाळं विणत होता, बाप ते ताणून धरून बसला होता. चैतूने मला लांबूनच पाहिलं आणि उठून हात केला, "तिथीच थांबा गुर्जी! इकडून वारा हाये." मी थांबलो. बापाला मी पहिल्यांदाच पाहिलं. नाक बसलेलं, हाताला बोटांचे नुसते खुंट, पण म्हातारा तोंडभर हसत होता. घरात लग्न असावं तसा चेहरा.

"बसा जी मास्तर, त्या दगडावर बसा," तो ओरडला. "पोट्टा माझ्यापाशी राहाले आला. वाईट झालं म्हना, पन माझं तं बरंच झालं जी. याची बहीन रांगत होती तवापासून हात नोता लावला म्या याले. दुरून पाह्यचो. आता काय भेव? आता याले बी झालं, मले बी हाये."

असं म्हणून त्याने त्या खुंटांच्या हाताने चैतूला मानेभोवती आवळला आणि छातीशी ओढून धरला. चैतू सुटायला धडपडला नाही. बापाच्या खांद्यावर डोकं टाकून, डोळे मिटून तसाच बसून राहिला.

दोघं इतके सुखात दिसत होते की अशा वेळी मध्ये जाऊन डॉक्टरांचं ते सांगणं मला फार निष्ठुरपणाचं वाटलं. म्हणून काही न बोलता परत आलो.